न वाळलेलं पॉलिश

सन दोन हजार पंचवीस. मला त्र्याहत्तर पुरी, तुला एकाहत्तर. म्हणजे नंबर माझा होता, दिनू. तू मध्ये घुसलास. रॉकेलच्या रांगेतसुद्धा तुझी हीच खोड होती. "मिस्त्री, कॉलेजची घंटा व्हायला आली, तेवढं पुढं जाऊ दे रं," म्हणायचास आणि माझ्या पायातून कॅन पुढं सरकवायचास. तेव्हा मी जाऊ द्यायचो. या वेळी तू विचारलंससुद्धा नाहीस.

काल तुझा बारावा झाला. आज दुपारी मी हे लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला. गुरुजींना माझ्या बापाकडनं फळ्याची चौकट फुकटात करून घ्यायची होती, म्हणून चौथी तरी झालो. तेव्हा चुका निघतील. काढायला तू नाहीस, म्हणून बिनधास्त लिहितो. लिहून झालं की ही वही तुझ्याच कपाटातल्या चोरकप्प्यात जाणार. त्याची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडं नाही.

काल लोक काय काय बोलले ते ऐकायला तू पाहिजे होतास. "निपाणीत जन्म काढला, पण तंबाखूला बोट लावलं नाही." खरं आहे. "चहासुद्धा बेतानं." हेही खरं. मग तू प्रयोगशाळेत मदतनीस होतास त्या कॉलेजचे जुने हेडक्लार्क उठले. तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "असा निर्व्यसनी माणूस पुन्हा होणे नाही!" माझ्या तोंडात खिरीचा घोट होता. गिळताही येईना, थुंकताही येईना. बाराव्याला हसला म्हणून गावात नाव झालं असतं. मी डोळ्याला उपरणं लावलं. शेजारचे म्हणाले, "मिस्त्रींना लई लागलंय." लागलं होतंच. पण त्या घडीला मी हसत होतो.

त्या निर्व्यसनी माणसाच्या घरात, पुढच्याच खोलीत, सागवानी लाकडाचा बार उभा होता. मी बांधलेला. आणि लोक त्याच्यावर पत्रावळ्यांचा गठ्ठा ठेवून बसले होते.

इंदू गेली त्या वर्षीची गोष्ट. बायको गेल्यावर संध्याकाळ कशी काढायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिवस रंध्याखाली जायचा, पण दिवे लागले की घर खायला उठायचं. पहिल्यांदा तू मला हायवेवरच्या बारमध्ये नेलंस. आठवतंय ना काय झालं ते? पाणी आणून ठेवणारा तुझा जुना विद्यार्थी. गल्ल्यावर बसलेला तुझा जुना विद्यार्थी. शेजारच्या टेबलावरनं एकजण उठला आणि भर बारमध्ये तुझ्या पाया पडला. "सर, तुम्ही इथं?" तू म्हणालास, "मिस्त्रींना दरवाज्याचं माप घ्यायचंय." आणि मला भर बारमध्ये खिशातला टेप काढून संडासच्या दरवाज्याचं माप घ्यावं लागलं. पीत बसलेले लोक पाय आत घेऊन मला वाट देत होते.

परत येताना तू म्हणालास, "मिस्त्री, बार घरात पाहिजे."

"घरात? वहिनी?"

"तिला कळणार न्हाय असा."

"आणि खर्च?"

"खर्च होणार न्हाय असा."

तू बोलायचास तेव्हा सगळं सोपं असायचं. करायचं मात्र मी.

पण एक खरं सांगतो. तो बार खरंच स्वस्तात झाला. लोक काचेची कपाटं काय आणतात, उंच खुर्च्या काय आणतात, निळे दिवे काय लावतात. तुमच्या कॉलेजातले मोडके बाक लिलावात निघाले होते, ते आपण हातगाडीवरनं आणले. जुना साग, दिनू! तसा आता बघायला मिळत नाही. पोरांनी कर्कटकानं कोरलेली नावं मी रंध्यानं काढली. एका फळीवर "केमिस्ट्री नको" असं कोरलेलं होतं. ती फळी तू मला तासू दिली नाहीस. "ही आत लाव," म्हणालास, "पस्तीस वर्षं मी हेच म्हणत आलोय." वर पुस्तकांचे कप्पे. खाली तीन खण दिसायचे, पण ते खण नव्हतेच. एकच फळी होती, तिच्यावर खोट्या खाचा पाडून तीन मुठी लावलेल्या. किल्ली फिरवली की ती फळी बिजागरीवर पुढं पडून टेबल व्हायची, आणि मागं बाटलीचा कप्पा. कुठं खिळा नाही. सांध्यात वाळलेलं पान जाणार नाही. वरनं चपडी लाखेचं पॉलिश, अकरा हात. माझ्या उभ्या जन्मात मी तसं पॉलिश केलं नव्हतं. तू त्यात बघून भांग पाडलास.

भांडीही तुझ्याकडचीच. बाद झालेल्या सामानातनं तू उंच नळीसारखं मोजपात्र आणलंस, दोन चंचुपात्रं आणलीस, आणि ते बुडाला फुगलेलं, मान बारीक असलेलं एक भांडं. मी म्हटलं, "ह्यात ॲसिड किती वर्षं होतं?" तू चिडलास. "कोरं हाय! लेखी देऊ?" लेखी दिलंस. सही करून, खाली तारीख घालून. गल्लीतल्या सोडेवाल्याच्या चार बाटल्या, झाडाचं लिंबू, जिऱ्याची पूड. झाला बार. जिराईत माणसाला परवडेल असा.

आता प्यायचं काय, हा प्रश्न माझ्याकडं आला, कारण या विषयात तुझ्यापेक्षा माझा अनुभव दांडगा. निदान माझं तसं म्हणणं होतं. मी व्होडका सुचवली. तंबाखूच्या वखारीवर ट्रक घेऊन येणारा एक ड्रायव्हर मला सांगून गेलता की व्होडकेला रंग नाही, वास नाही, ती बटाट्याची असते, पाण्यासारखी असते आणि म्हणून पाण्यासारखीच बेतानं चढते. मला ते पटलं. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात बटाटा पिकतो किती, आणि जातो कुठं, याचाही उलगडा झाला.

तू पहिल्याच संध्याकाळी मोजपात्र नाकासमोर धरलंस. "मिस्त्री, वास येतोय."

"न्हाय येत."

"अरे, येतोय. नाक हाय का काय तुला?"

"चाळीस वर्षं भुसा गेलाय त्यात. तरी पण येत न्हाय."

तिथनं जे सुरू झालं ते परवा-परवापर्यंत. तू चष्मा वर करून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचास. "कुठाय बटाटा? दाखव. बटाट्याचीही करतात, पण तिकडं थंड मुलखात. इथली ही धान्याची न्हायतर मळीची. आपल्याच कारखान्याच्या उसाची मळी, मिस्त्री! तू ऊस पितोयस." मी म्हणायचो, कंपनी सगळं लिहीत नसते. तू म्हणायचास, "व्हिस्कीत जेवढं अल्कोहोल तेवढंच हिच्यात. रंग नसला म्हणून जोर कमी व्हत न्हाय." मी म्हणायचो, मला तर काहीच होत नाही. आणि उठताना दारूच्या टेबलाची फळी धरून उठायचो. तू फक्त फळीच्या बिजागरीकडं बघायचास.

बर्फाची गोष्ट मी आजवर कबूल केली नाही. आता करतो, कुणी ऐकत नाही तोवर. त्या उन्हाळ्यात बाटली माझ्या घरच्या फ्रिजमध्ये वर, बर्फाच्या खणात ठेवली होती. दोन दिवसांनी काढली तर आत चुरा बर्फ. तू म्हणालास, "व्होडका घरच्या फ्रिजात गोठत न्हाय. ह्यात कुणीतरी पाणी घातलंय." मी दुकानदाराला शिव्या घातल्या. तू दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन आलास, फ्रिजमध्ये ठेवलंस, घड्याळ लावून बसलास, कागदावर आकडे मांडलेस आणि म्हणालास, "पाणी दुकानात घातलेलं न्हाय. सील मी फोडलंय. पाणी ह्या घरात घातलंय. आणि ह्या घरात तू एकटा राहतोस."

मी म्हटलं, "तुझं थर्मामीटर बिघडलंय."

दिनू, पाणी मीच घातलं होतं. मधल्या एका संध्याकाळी तू बेळगावात, शहापूरला लेकीकडं गेलतास. मी एकटा होतो. घेतली, आणि तेवढीच भर घातली. थर्मामीटर चांगलं होतं.

आणखी एकदा पॉलिशची लाख विरघळवायचं स्पिरिट संपलं म्हणून मी व्होडकेत लाख भिजवली. तू नको-नको म्हणत होतास. "अर्ध्याहून जास्त पाणी हाय त्यात, पॉलिश पांढरं पडंल." मी म्हटलं, दारू ती दारू. पाट पांढरा पडला, कोड आल्यासारखा. मी गिऱ्हाइकाला सांगितलं, ही नवी फॅशन आहे. तो पाट अजून त्यांच्या घरी आहे. पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात म्हणे.

पण तूसुद्धा काही धुतल्या तांदळासारखा नव्हतास. कुठल्यातरी मासिकात तू वाचलंस की उंची दारूच्या बाटल्या आडव्या ठेवतात. मी म्हटलं, ते वाइनचं असेल, ही उभी ठेवू. "तू चौथी, मी विज्ञान शाखा," म्हणालास आणि बाटली आडवी घातलीस. तुझी विज्ञान शाखा म्हणजे विज्ञान शाखेतला झाडू, पण असो. महिन्याभरानं टोपण सैल झालं, अर्धी बाटली त्या आतल्या कप्प्यात सांडली आणि "केमिस्ट्री नको" न्हाऊन निघाली.

त्याच वेळी वहिनी भजनाहून आल्या. दारातच थबकल्या.

"अगं बाई, वास कसला हो हा?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. आणि दिनू, माझ्या जिवाभावाच्या मित्रा, तू शांतपणे म्हणालास, "पॉलिशचा. मिस्त्रीचं पॉलिश अजून वाळलेलं न्हाय."

"महिना झाला की वो!"

"दमट हवा हाय."

वहिनींनी खिडकीतनं बाहेर बघितलं. एप्रिलचं ऊन. कुत्रं गटारीत बसलेलं.

तेवढ्यावर तू थांबलास का? नाही. "लाख हलकी वापरली असंल त्यानं," असंही म्हणालास.

हलकी लाख! मी स्वतः बाजारात जाऊन, निवडून, चाळून आणलेली. माझा बाप सांगायचा, सुताराचा सांधा चुकला तर माणूस बोलतो, पॉलिश चुकलं तर गाव बोलतं. माझ्या हातात पटाशी होती. मी ती पिशवीत ठेवली, हे तुझ्यावर उपकार समज. वहिनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भावजी, काय हे?" आणि मी मान खाली घातली. कारण मान वर केली असती तर तुझं बिंग फुटलं असतं.

सहा वर्षं, दिनू. सहा वर्षं त्या कपाटाचं पॉलिश वाळलं नाही. वाळणार कसं? रोज संध्याकाळी ताजं होत होतं. तू कप्पा बंद करून उठलास की वहिनी भजनाहून यायच्या, पदर नाकाला लावायच्या, म्हणायच्या, "अजून येतोय." त्यांनी भजनी मंडळात सांगितलं. मंडळातल्या बायकांनी गल्लीत सांगितलं. देवीच्या देवळाचा चौरंग माझ्याकडं येणार होता, तो गेला. शेजारच्या लग्नातला पलंग गेला सदलग्याला, तुझ्या मेहुण्याच्या, रावसाहेबाच्या दुकानात. प्लायवूडचा! भुसा आणि गोंद दाबून केलेल्या पाटीवर नवरानवरी झोपली, पण माझ्या सागाला वास येतो म्हणून नको.

मी तुला म्हटलं, सांग वहिनींना. तू म्हणालास, गणपती होऊ देत. मग दिवाळी होऊ दे. मग नातीचं बारसं. शेवटी मी टेकीला आलो तेव्हा तू तो डाव टाकलास.

"सांगतो की. पण आधी तू म्हण, व्होडकेला वास येतो."

"वास येतच न्हाय तर म्हणू कशाला?"

"मग हिला येतो तो वास कशाचा, मिस्त्री?"

मला कात्रीत धरलंस. व्होडकेचा म्हणावं तर मी हरलो. पॉलिशचा म्हणावं तर माझा हात हरला. मी म्हटलं, "तुझ्या अंगाचा." आणि उठलो.

त्या शेवटच्या गुरुवारी हेच भांडण जरा जास्त तापलं. देवळात पुन्हा माझ्या पॉलिशवरनं कुणीतरी हसलं होतं. मी आलो तोच पेटून. तू चंचुपात्र पुढं केलंस, मी घेतलं नाही. "आज सांगतोस का न्हाय?" "आज म्हणतोस का न्हाय?" दोघं म्हातारे एकमेकांकडं बोट करून उभे. मी म्हटलं, "ह्या दारात पुन्हा पाय ठेवणार न्हाय." तू मागनं हाक मारलीस, "मिस्त्री, चष्मा राहिला रं!" मी म्हटलं, "राहू दे. मला सगळं स्वच्छ दिसतंय." आणि पायरी चुकून तुमच्या तुळशीत पडलो.

तू हसला नाहीस. ते मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. एरवी तू आठ दिवस हसला असतास.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी आलो नाही. येणारही नव्हतो, निदान सोमवारपर्यंत. रविवारी सकाळी तू माझा चष्मा खिशात घातलास, चपला घातल्यास, आणि "मिस्त्रीकडं जाऊन येतो" म्हणून निघालास. दम लागला म्हणून दारातल्या खुर्चीत टेकलास. तेवढंच. चष्मा मला वहिनींनी दिला. मी विचारलं, "अजून काय म्हणत होता?" त्या म्हणाल्या, "काही न्हाय. एवढंच म्हणाले, त्याच्याशिवाय जमायचं न्हाय."

काय जमायचं नाही, दिनू? तू सांगायला येत होतास की पुन्हा वाद घालायला? मी दोन्हीला तयार होतो. चहा टाकला असता.

आणि एक गोष्ट मी तुला बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू नाकारली असतीस. तुला ती आवडायचीच नाही. झाकणभर घ्यायचास, वर लिंबूपाणी, आणि तासभर त्याच्याकडं बघत बसायचास. बार तुला नको होता. इंदूनंतर माझी संध्याकाळ कुठंतरी टेकवायला पाहिजे होती, म्हणून तू सहा वर्षं बायकोशी खोटं बोललास. आणि त्या खोट्यात माझं पॉलिश गेलं. हिशेब मला लागत नाही, लावायचाही नाही. पण मी तुला कधी बरं म्हटलं नाही. आता म्हणतो. बरं केलंस.

तर काल. जेवणं झाली, पाहुणे पानसुपारीला बसले. पुण्याहून आलेला तुझा पोरगा सुनील हात जोडून सगळ्यांना निरोप देत होता. मला एकच घोर होता. आत बाटली तशीच होती, पाऊण भरलेली. दहा-बारा दिवस त्या खोलीत बायका बसलेल्या, झोपलेल्या. मला कप्पा उघडायला सवडच मिळाली नाही. आणि रावसाहेब उठला. पत्रावळ्यांचा गठ्ठा बाजूला केला आणि कपाटावर हात मारला.

"हेच व्हय ते, वास येणारं?"

तो वाकला. एक मूठ धरून ओढली. दुसरी ओढली. मग पाय लावून तिसरी ओढली. खण असतील तर उघडतील!

"आरं तिच्या! खण फुगून बसल्यात!" तो मोठ्यानं म्हणाला. "आक्के, पॉलिश वाळलेलं न्हाय, खण उघडत न्हाईत. हे कपाट हाय का थडगं? सुनील, हे भंगारात घाल. मी माझ्या दुकानातलं देतो, सनमायकाचं. वाससुद्धा न्हाय आणि काय न्हाय."

वाससुद्धा नाही म्हणे! मी उठलो. त्यानं आणि सुनीलनं कपाट जरा तिरकं केलं, आणि आत बाटली गडगडली. मग काचेचा आवाज झाला, टिण्.

रावसाहेबानं कान टवकारले.

"आत काय वाजतंय, काका?" सुनीलनं मला विचारलं.

दिनू, त्या घडीला मी एक वाक्य बोललो असतो तर माझं नाव धुऊन निघालं असतं. किल्ली माझ्या कमरेला होती. फळी खाली पडली असती, जमलेल्या मंडळींनी माझे सांधे बघितले असते, खोट्या खाचा बघितल्या असत्या, रावसाहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. आणि देवळातल्या बायकांना कळलं असतं की ह्या हाताचं पॉलिश पहिल्याच दिवशी वाळलं होतं. भिंतीवर तू होतास, हार घातलेला. तो हेडक्लार्क अजून सुपारी कातरत बसला होता, तुला निर्व्यसनी म्हणणारा. वहिनी दारात होत्या.

मी म्हटलं, "बिजागरी सैल झालीय."

"बिजागरीपण?" रावसाहेब हसला.

"व्हय. बिजागरी सैल, खण फुगल्यात आणि पॉलिश बिघडलंय. माझंच चुकलं."

त्र्याहत्तर वर्षांत मी माझं चुकलं असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. जेव्हा चुकलो तेव्हा म्हटलं नाही, आणि म्हटलं ते अशा कामात की ज्यात केसाएवढी चूक नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक-दोघांनी तर "बसा मिस्त्री, पाणी घ्या" म्हटलं.

"मग ठरलं. उद्या टेम्पो पाठवतो," रावसाहेब म्हणाला.

तेव्हा वहिनी पुढं आल्या. बारा दिवसांत त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"कपाट कुठं जायचं न्हाय, रावसाहेब."

"अगं आक्के, वास..."

"असू दे वास. ह्यांच्या अंगाला तोच यायचा. त्या कपाटापाशी बसून उठले की टॉवेलाला तोच, उशीला तोच. आधी मला राग यायचा. मग त्याच्याशिवाय झोप यायची न्हाय." त्यांनी कपाटाच्या फळीवर हात ठेवला. "टॉवेल सुनंनं धुतला. उशीची खोळ धुतली. एवढं कपाट तेवढं राहिलंय. आणि त्याचाबी वास चार दिवसांपासनं उणा झालाय." मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, एवढी वर्षं वाळलं न्हाय ते पॉलिश आत्ताच कसं वो वाळायला लागलं?"

दिनू, तू असतास तर विज्ञान सांगितलं असतंस. अल्कोहोल उडून जातं, वगैरे. मला ते माहीत होतं, तूच शिकवलंयस. मी कपाटाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. शेवटी म्हटलं, "बघतो वहिनी. सकाळी येतो."

रात्रभर मी ठरवत होतो की आता काही बोलायचं नाही. आणि उठल्या उठल्या पहिली गोष्ट तुझ्याशी बोललो, मोठ्यानं, मोरीत तोंड धुताना. म्हटलं, येतो रं बाबा. व्होडकेला वास येतो. लई येतो. सहा वर्षं येत होता, मलाही येत होता. झालं समाधान?

मग आंघोळ केली, पिशवीत कापूस, मऊ फडकं आणि घासायचा काचपेपर घेतला, आणि तुमच्याकडं गेलो. सुनील सामान बांधत होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी दार लोटून घेतलं, किल्ली फिरवली, फळी पुढं घेतली. मोजपात्राची कड तेवढी उडालीय, बाकी सगळं जागेवर. बाटली यावेळी उभी ठेवली. कापसाचा बोळा केला, फडक्यात गुंडाळला, व्होडकेत बुडवला, आणि आतल्या बिनपॉलिशच्या लाकडाला लावत गेलो, मागं, वर, खाली, कोपऱ्याकोपऱ्यात. पॉलिशला मात्र थेंब लागू दिला नाही. ते पांढरं पडलं असतं. एवढं तुझं ऐकलं. मग फळी मिटली, किल्ली कमरेला लावली, दार उघडलं, आणि काचपेपर उगाच बाहेरच्या बाजूला धरून बसलो.

वहिनी कपबशी घेऊन आल्या. दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या. डोळे मिटले.

"आला," म्हणाल्या.

मी चहा घेतला. दार उघडंच होतं. समोरच्या कट्ट्यावर तांदूळ निवडणाऱ्या, भजनी मंडळातल्या बाईंनी मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय वो मिस्त्री, अजून वाळलं न्हाय व्हय?"

मी उंबऱ्यावर येऊन उभा राहिलो आणि तिच्याहून मोठ्या आवाजात सांगितलं, "न्हाय. माझ्या हातचं पॉलिश हाय ते. वाळायचं न्हाय."